कापोकचं आयुष्य बालवाडीत कसं शिकवावं: बडोद्यातल्या ताईंसाठी आणि पालकांसाठी

‘झाडाचं जीवनचक्र’ हा धडा बहुतेक ठिकाणी एका तक्त्यावर उरकला जातो. बी, कोंब, रोप, झाड, फूल, फळ, पुन्हा बी. मुलं दोन दिवसांत क्रम पाठ म्हणतात, पण फुलाचं फळ कसं झालं किंवा शेवटी झाडाचं काय होतं असं विचारलं की गप्प बसतात. झाड वर्षावनातलं असलं की अडचण आणखी वाढते, कारण ते मुलांनीही पाहिलेलं नसतं आणि ताईंनीही.

यावर बडोद्यात एक चांगला उपाय आहे. वर्षावनातलं सगळ्यात शिकवण्याजोगं झाड म्हणजे कापोक, मराठीत पांढरी सावर. ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं आणि पश्चिम आफ्रिकेतलं. त्याच्याच कुळातली काटेसावर आपल्याकडे सर्रास वाढते. दोघांचा बुंधा काटेरी, दोघांची पानं पंजासारखी, दोघांच्या बोंडात रेशमासारखा कापूस. म्हणून जे हाताने करायचं, बघायचं, पेरायचं ते काटेसावरीवर करा, आणि जिथे वर्षावनातली गोष्ट वेगळी पडते तिथे कापोकबद्दल सांगा. मुलांना आधी खरं झाड भेटलं की लांबचं झाड कल्पनेत आणणं त्यांना जमतं.

पुढची मांडणी ४ ते ७ वर्षांच्या साधारण २० मुलांच्या वर्गासाठी आहे. घरी एक-दोन मुलांसोबतही चालेल, फक्त साहित्य कमी करा.

काय काय लागेल

- काटेसावरीची वाळलेली बोंडं, ३ ते ४
- सरकीसकट थोडा कच्चा कापूस आणि दवाखान्यात मिळतो तसा साधा कापूस
- रोपांच्या काळ्या पिशव्या (५ × ८ इंच), ३०. खालच्या बाजूला भोकं असलेल्या
- माती, कुजलेलं शेणखत, वाळू
- मेथी दाणे मूठभर, दोन पसरट कुंड्या, एक पुठ्ठ्याचं खोकं
- सुतळी ६० मीटर, रंगीत फितीचे ७ तुकडे
- कागदी पेले १०, लाल घोटीव कागद, हळद, काळे मोजे ४ जोड
- काबुली चणे, पाव किलो
- भिंगं ४-५, पसरट टब
- पालकांचं लेखी संमतिपत्र (बागेत नेण्यासाठी), आणि कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी आहे का याची नोंद

ही शेवटची नोंद विसरू नका. सावरीचा कापूस इतका हलका असतो की तो नाकातोंडात सहज जातो.

१. जूनमध्ये नव्हे, एप्रिलमध्ये सुरुवात करा

सगळ्यात जास्त गफलत वेळेची होते. शाळा जूनमध्ये उघडते, ताई जूनमध्ये झाड शोधायला निघतात आणि तेव्हा काटेसावरीवर नुसती पानं असतात. या झाडाचं वर्ष असं चालतं: डिसेंबर-जानेवारीत पानगळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर मोठी लाल फुलं, एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडतो, आणि पावसाळ्यात झाड पानांनी भरून जातं. म्हणजे बिया उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत गोळा करायच्या, पेरणी जूनच्या शेवटी, आणि फुलांचा धडा फेब्रुवारीत.

झाड ओळखायची खूण: सरळसोट बुंधा, त्यावर शंकूच्या आकाराचे जाड काटे, फांद्या थराथराने आडव्या फुटलेल्या. माळीकाकांना विचारताना ‘शीमळो’ म्हणा, हिंदीत ‘सेमल’. कमाटीबागेत, कॉलनीच्या कडेला, पावागढ-जांबुघोड्याच्या वाटेवर नीट पाहत जा. फेब्रुवारीत लाल फुलांमुळे लांबूनही झाड कळतं, तेव्हाच जागा लिहून ठेवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाचीही बाग आहे. तिथे वर्ग न्यायचा तर आधी विभागात जाऊन रीतसर विचारून घ्या.

बोंडं झाडावरून तोडू नका, खाली पडलेली तपकिरी, किंचित उकललेली उचला. हिरवी पडलेली बोंडं दिसायला सुंदर असतात, पण आतल्या बिया कच्च्या असतात आणि रुजत नाहीत. घरी आणून कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि कापसावर बुरशी धरते.

कमाटीबागेत मुलांना नेलं तर विश्वामित्रीच्या काठापासून लांबच राहा. नदीत मगरी आहेत, आणि बोंड गडगडत गेलं म्हणून मूल धावलं असं व्हायला नको. पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

२. बी हातात द्या, चित्र नंतर

पंखा बंद करा. एक बोंड मोठ्या पातेल्यात ठेवून मुलांसमोर उकला. ते पाच फाकांत उघडतं आणि आतून पांढरा, चमकदार कापूस फुलून वर येतो. त्यात काळपट, गुळगुळीत, मिरीएवढ्या बिया असतात. प्रत्येक मुलाला चिमूटभर कापूस द्या आणि बी शोधायला सांगा.

इथेच सरकीचा कापूस बाहेर काढा. करजण-डभोईकडे कपाशीची शेतं आहेत, तिथलं कुणी ओळखीचं असेल तर सरकीसकट कापूस सहज मिळतो. मुलांना दोन्हीतून बी सोडवायला लावा. सरकीला तंतू घट्ट चिकटलेले असतात, ओढून ओढून बोटं दुखतात. सावरीचं बी मात्र नुसतं झटकलं तरी गळून पडतं, कारण इथे तंतू बीमधून निघतच नाहीत, ते बोंडाच्या आतल्या भिंतीवर वाढतात. कापोकचंही तसंच. हा फरक चार वर्षांच्या मुलालाही बोटांनी कळतो, म्हणून यावर पुरेसा वेळ द्या.

मग दोन छोटे प्रयोग. पाण्याच्या टबात एकीकडे साधा कापूस, दुसरीकडे सावरीचा कापूस टाका. साधा कापूस भिजून बुडायला लागतो, सावरीचा तरंगत राहतो. कापोकचे तंतू आतून पोकळ असतात आणि त्यांच्यावर मेणासारखा थर असतो. एकेकाळी जीवरक्षक जाकिटांत हाच कापूस भरत. दुसरा प्रयोग अंगणात: स्टुलावर उभं राहून एक नुसतं बी सोडा आणि एक कापसात गुंतलेलं. मुलांनी टाळ्या मोजायच्या. नुसतं बी एका टाळीत खाली येतं, कापसातलं तरंगत बाजूला जातं. ‘बी लांब का जायला हवं?’ हा प्रश्न इथे विचारून ठेवा, उत्तर चौथ्या पायरीत येईल.

३. पेरणी

दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. वाळू टाळू नका. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि बी कुजतं. बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. प्रत्येक पिशवीत २-३ बिया, साधारण एक सेंटिमीटर खोल. मुलांना ‘बोटाच्या नखाएवढं खोल’ असं सांगा, नाहीतर ती अख्खं बोट खुपसतात आणि कोंब वर येईपर्यंत बीची शिदोरी संपते. त्याच वर्षीच्या ताज्या बिया वापरा, जुन्या बियांची रुजण्याची ताकद उतरत जाते.

कोंब एक ते तीन आठवड्यांत दिसतो. तोवर दोन संकटं असतात. पहिलं म्हणजे मुलांचं प्रेम: वीस मुलं, वीस वाट्या पाणी. रोज एकच मूल ‘पाणीवाला’ किंवा ‘पाणीवाली’ ठरवा, आणि नियम ठेवा की आधी मातीत बोट लावायचं. ओली लागली तर आज सुट्टी. दुसरं संकट खारी आणि साळुंक्या, त्या माती उकरतात. पिशव्यांवर वेताची टोपली पालथी घाला. जुलैच्या धो-धो सरीत बिया वाहून जातात, म्हणून पिशव्या ओसरीच्या कडेला, जिथे उजेड येतो पण पागोळी पडत नाही अशा जागी ठेवा.

रोप उगवलं आणि बुडाशी काळं पडून आडवं झालं, तर ती जास्त पाण्याने आलेली बुरशी. ते रोप काढून टाका, बाकीच्यांचं पाणी दोन दिवस बंद ठेवा. तीन आठवड्यांत काहीच उगवलं नाही तर एक बी उकरून मुलांसोबत बघा. मऊ आणि काळं झालं असेल तर कुजलं, होतं तसं टणक असेल तर पाणी आत शिरलंच नाही. न उगवलेल्या बिया लपवून बाजारातलं रोप आणून ठेवू नका. न उगवणाऱ्या बिया हा याच धड्याचा भाग आहे.

कापसावर मूग रुजवायचा नेहमीचा प्रयोगही करा, पण पुढे काय होतं तेही दाखवा. मूग उगवतो, आठ-दहा दिवस टिकतो आणि मग मलूल होतो. बीमधली शिदोरी संपली, खाली माती नाही. नुसता कोंब दाखवून डबा टाकून दिला तर मुलांना वाटतं झाडाला मातीची गरजच नसते.

४. अंधार आणि उजेड: वर्षावनाची खरी अट

घनदाट वर्षावनात जमिनीपर्यंत उन्हाचा शंभरातला एखाद-दुसरा भागच पोचतो. कापोकच्या रोपाला भरपूर उजेड लागतो. आईच्या सावलीत पडलेलं बी रुजलं तरी वाढत नाही, म्हणून त्याला लांब जावं लागतं. आणि लांब जाऊनही अशी जागा सापडावी लागते जिथे एखादं मोठं झाड कोसळून वर आभाळ उघडं झालंय.

हे मेथीवर दाखवा, सावरीची रोपं यात घालू नका. दोन कुंड्यांत मेथी पेरा. एकीवर खोकं पालथं घाला. आठवड्याने खोकं उचला: उघड्यावरची मेथी बुटकी, हिरवीगार, खोक्याखालची लांब, पिवळट, वाकलेली. मुलं म्हणतात, ‘अंधारातली जास्त वाढली!’ त्यांना खोडू नका. पुढचे तीन-चार दिवस ती कुंडीही उजेडात ठेवा आणि पाहू द्या: पिवळेपणा जातो, पानं हिरवी होतात. खोकं उचलणं म्हणजे जंगलातलं मोठं झाड पडणं. हा एक दुवा पक्का झाला की सातवी पायरी सोपी होते.

‘झाड मातीतून जेवतं’ हे वाक्य मात्र वापरू नका, ते पुढे शाळेत पुसायला फार कष्ट पडतात. झाड मातीतून पाणी आणि क्षार घेतं. जेवण पान बनवतं, ऊन, पाणी आणि हवा वापरून.

५. साठ मीटर किती असतं

कापोक ६० मीटरच्या वर जाऊ शकतो, म्हणजे जवळपास वीस मजली इमारत. मुलांना आकडा सांगून उपयोग नाही. सुतळीला टोकांसकट दर १० मीटरवर फीत बांधा आणि मैदानात पसरा. एका टोकाला ‘मूळ’, दुसऱ्या टोकाला ‘शेंडा’. मुलांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चालू द्या. पहिल्या फितीपर्यंत अंधारी जमीन आणि झुडपं, मधल्या फितींवर बाकीच्या झाडांची छत्री, आणि त्याच्याही वर एकटा निघालेला कापोक. मैदान लहान असेल तर सुतळी नागमोडी पसरू नका, मुलांना ती छोटी वाटते. जवळच्या सरळ, बिनरहदारीच्या गल्लीत सकाळी लवकर करा.

एवढं उंच झाड पडत का नाही? वर्षावनात अन्नद्रव्यं मातीच्या वरच्या थरातच असतात, मुळं फार खोल जात नाहीत, म्हणून बुंध्याला आधाराच्या रुंद भिंती फुटतात. त्या माणसापेक्षाही उंच असतात. एका मुलाला पाय जुळवून उभं करा, हलकेच ढकला. मग पाय फाकवून. मग चार मुलांना भोवती गुडघ्यांवर बसवून. खाली सतरंजी असू द्या.

चित्रं निवडताना एक काळजी घ्या. तक्त्यांवर ॲमेझॉनच्या जंगलात वाघ, मोर, जिराफ सगळे एकत्र रंगवलेले असतात. दक्षिण अमेरिकेत वाघ नाही, जॅग्वार आहे. कापोकवर हार्पी गरुड घरटं बांधतो, फांद्यांवर पानांच्या पेल्यात पाणी साठवणारी ब्रोमेलियाड वाढतात आणि त्या पाण्यात बेडूक राहतात. मुलांना तो पेला आणि बेडूक फार आवडतो, तेवढं एकच चित्र मोठं काढलंत तरी चालेल.

६. फुलाचं फळ कसं झालं

तक्त्यावर सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच, म्हणून इथे दोन दिवस द्या.

फेब्रुवारीत खाली पडलेली काटेसावरीची ताजी फुलं आणा. पाच जाड, मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. मुलांना बोट फिरवून पराग लावून घेऊ द्या, भिंगातून पाहू द्या. त्याच आठवड्यात सकाळी झाडाखाली दहा मिनिटं शांत बसवा आणि कोण येतं ते मोजा: साळुंकी, बुलबुल, कावळा, शिंजीर, खार. पानं नसल्यामुळे सगळं स्पष्ट दिसतं.

मग खेळ. कागदी पेल्यांना लाल कागदाच्या पाच पाकळ्या चिकटवा. तळाशी दोन चणे ठेवा, तो मध. पाच पेल्यांच्या आतल्या कडेला हळद लावा. बाकी पाच पेल्यांत कडेला ओलसर पांढरा कापूस चिकटवा. मुलाने हातात काळा मोजा घालायचा, तो पक्षी. पहिल्या पेल्यातून चणा काढताना मोज्याला हळद लागते, दुसऱ्या पेल्यातून काढताना कापसावर पिवळा डाग उमटतो. तो डाग दिसला की त्या पेल्यावर बोंडाचं चित्र लावा. ज्या पेल्यात कुणी गेलंच नाही, त्याला बोंड नाही, फूल गळून पडलं.

हळद सगळ्या पेल्यांत लावायची चूक करू नका. मग कुणी कुणाला काय दिलं ते कळत नाही आणि खेळाचा अर्थच जातो. हळद चमचाभर पुरे, कपड्यांचे डाग निघत नाहीत, त्या दिवशी जुने कपडे घालून पाठवायला पालकांना सांगा. चणे खेळापुरतेच, खायचे नाहीत.

कापोकची गोष्ट इथे वेगळी आहे. त्याची फिकट फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना उग्र वास येतो आणि मध प्यायला वटवाघळं येतात. तोंडाला पराग लावून ती पुढच्या झाडाकडे जातात. दुसऱ्या दिवशी हाच खेळ पडदे ओढून, अंधारात खेळा. वटवाघळाची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी हा खेळ फार उपयोगी पडतो.

‘वर्षावनातली झाडं कायम हिरवी असतात’ असं सरसकट सांगू नका. कापोक कोरड्या दिवसांत पानं गाळतो, आणि फुलं नेमकी तेव्हा येतात. पानं आड नसल्यामुळे वटवाघळांना फुलांपर्यंत पोचता येतं, पुढे बोंडं फुटली की वाऱ्यालाही कापूस सहज नेता येतो.

७. झाड पडतं तेव्हा

मरण गाळून शिकवलं तर चक्र पूर्ण होत नाही. लहान मुलांना हे झेपणार नाही असं मोठ्यांना वाटतं. मुलं मात्र सरळ विचारतात आणि सरळ उत्तर मिळालं की पुढे जातात. ‘हो, ते मेलं. आता त्याच्यात दुसरे राहायला आले.’

पावसाळ्यानंतर कुजलेल्या ओंडक्याचा हातभर तुकडा टबात आणा. साल आधी ताईंनी काठीने उचकटून पाहायची. आत गोम किंवा विंचू असू शकतो. मग मुलांना भिंगातून वाळवी, पांढरे बुरशीचे धागे, अळंबी, भुंगेऱ्यांची भोकं पाहू द्या. त्यांनी हात लावायचा तो फक्त भुसभुशीत झालेल्या लाकडाला, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. दमट, उष्ण वर्षावनात हे कुजणं फार वेगाने होतं आणि त्यातली अन्नद्रव्यं लगेच दुसरी झाडं उचलतात. मेथीवरचं खोकं इथे आठवून द्या: मोठं झाड पडलं, वर उजेड आला, खाली खत झालं, आणि तिथे बी येऊन पडलं.

८. चक्र जमिनीवर मांडा

आता तक्ता. तो भिंतीवर लावायच्या आधी जमिनीवर, मुलांनीच काढलेल्या चित्रांचा करा: बी, कोंब, रोप, काटेरी तरुण झाड, फूल आणि पाहुणा, बोंड, उडणारा कापूस, पडलेलं झाड.

बाणांकडे लक्ष द्या. छापील तक्त्यात झाडापासून बीकडे बाण जातो आणि मुलांना वाटतं झाडाचंच पुन्हा बी झालं. बोंडापासून दोन वाटा काढा: एक नव्या बीकडे, दुसरी त्याच झाडाकडे परत, कारण ते झाड पुढच्या वर्षी पुन्हा फुलणार आहे. पडलेल्या झाडापासून बाण रोपाकडे न्या, उजेड आणि खत म्हणून.

शेवटी १०० चणे मोजून घ्या, या एका बोंडातल्या बिया. मुलांनी एकेक कारण सांगत मुठीमुठीने काढायचे: नदीत पडल्या, उंदराने खाल्ल्या, आईच्या सावलीत पडल्या, जास्त पाण्याने कुजल्या. शेवटी एक उरेल असं बघा. हा खेळ आहे, जंगलातली मोजदाद नाही, हे मोठ्या मुलांना सांगा.

रोपांचं काय करायचं

वर्षभरात रोप फूटभर किंवा त्याहून उंच होतं आणि त्याला काटे येतात, तेव्हा पिशव्या मुलांच्या वाटेतून हलवा. लावायची वेळ पुढच्या जुलैत. काटेसावर मोठी होते, २०-२५ मीटर सहज. सोसायटीच्या भिंतीला लागून, विजेच्या तारांखाली किंवा झोपाळ्याशेजारी लावू नका. कुणा पालकांचं शेत असेल तर बांध उत्तम. एका पिशवीत दोन रोपं आली असतील तर जोमदार ठेवून दुसरं कात्रीने बुडाशी कापा. उपटलं तर दोघांची मुळं तुटतात. उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी आणि गुरांपासून काट्याचं कुंपण एवढं ज्यांना जमेल, त्यांनाच रोप द्या.